अस्तर

फोन खालच्या मजल्यावरून होता, जंतूंच्या प्रयोगशाळेतून. तिथल्या डॉक्टरीणबाई थोरलीच्या बरोबरीच्या, कॉलेजपासूनच्या, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नसे. ‘अगं, तुझ्या आईच्या पित्तात टायफॉइड वाढलाय,’ त्या म्हणाल्या. ‘प्लेट भरून. मी दोनदा लावून पाहिलं. सर्जनला सांग, औषध सुरू करू दे. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.’ थोरली म्हणाली, ‘बरं.’ मीठ संपलंय असं कुणी सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं. फोन ठेवून तिने समोरचा चहा पिऊन टाकला. तो कधीच गार झाला होता. कपाच्या तळाशी साखर राहिली होती, तीही तिने चमच्याने खाल्ली, आणि करण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा ती उठली. घरात तिला अजून थोरलीच म्हणत. धाकटा भाऊ होता तोवर त्या नावाला अर्थ होता. तो पाच वर्षांचा होऊन गेला, नाव तसंच राहिलं. एकुलत्या एका मुलीला थोरली कशी म्हणतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटे, घरच्यांना कधी वाटलं नाही. लग्न केलं, तेही फार टिकलं नाही, आणि ती पुन्हा आईवडिलांच्या घरी आली तेव्हा दार उघडून आई आतल्या बाजूला वळून एवढंच म्हणाली होती, ‘थोरली आलीय.’

रोगाच्या पेशी ओळखणं हे तिचं काम. शस्त्रक्रियेत काढलेला माणसाचा तुकडा मेणात बसवून, त्याचे पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढून, रंगवून काचेवर तिच्यासमोर येत, आणि मायक्रोस्कोपमधून बघून ती सांगे हे काय आहे. आईचं पित्ताशय काढलं त्याला आठवडा होत आला होता. घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही असा तिचाच नियम, म्हणून ती काच तिच्या हाताखालच्या डॉक्टरने पाहिली होती. रिपोर्टात ‘कर्करोग नाही’ हे शब्द दिसताच थोरलीने तो मिटून ठेवला होता. तिच्या पेशंटचे नातेवाईक नेमकं हेच करत आणि ती त्यांच्यावर मनातल्या मनात करवादे. आता ती कपाटापाशी गेली, ट्रे ओढला, काच शोधली आणि जागेवर येऊन बसली. खोलीतले बाकीचे जेवायला गेले होते. पंख्याचा आवाज येत होता आणि कुणाच्या तरी टेबलावर मोबाइल थरथरून गप्प झाला.

पित्ताशयाचं अस्तर तसं देखणं असतं. एकाच रांगेत उभ्या असलेल्या उंच पेशी, खांद्याला खांदा लावून, सगळ्यांची केंद्रकं तळाशी एका ओळीत. विद्यार्थ्यांना ती सांगे, ह्यांचं काम पाणी शोषून घेण्याचं. यकृताकडून आलेलं पातळ पित्त घट्ट करायचं, सांभाळायचं, आणि माणूस जेवला की सोडायचं. आईच्या अस्तरातली ती ओळ जागोजागी मोडलेली होती. कुठे पेशी सुटून पडल्या होत्या आणि खालची जागा उघडी पडली होती. कुठे उरलेल्या पेशी उंची सोडून बुटक्या आणि पसरट झाल्या होत्या, ती उघडी जागा झाकण्यासाठी. अस्तराखाली पांढऱ्या पेशींचे गोल पुंजके जमले होते. हे एका दिवसाचं काम नव्हे. लढाई सुरू होऊन इतका काळ लोटला की पहारेकऱ्यांनी तिथेच संसार थाटावेत, असे ते पुंजके. एका कोपऱ्यात तर पेशींनी जातच बदलली होती. आतड्यात असतात तशा, पोटात चिकट द्रवाचा फिका थेंब धरलेल्या पेशी पित्ताशयात उभ्या होत्या. त्याच्या जरा पुढे केंद्रकं मोठी, काळपट, एकमेकांवर चढलेली. कर्करोग नव्हे, पण पाऊल त्या वाटेला पडलेलं. खड्यांमुळे आईच्या पोटात दुखलं नसतं तर दोन-चार वर्षांत ते तिथे पोचलं असतं. सुटलो, असं थोरलीच्या मनात आलं, आणि त्याबरोबर बाईंचा फोन पुन्हा कानात वाजला.

जंतू अशा काचेवर दिसत नाहीत. पण ते काय करतात हे तिला पाठ होतं. ते अस्तराला चिकटतात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. काही पेशी त्यांच्या ओझ्याने भरतात, शेजारणींमधून सुटतात, पित्तात पडतात आणि फुटतात, आणि पित्ताबरोबर जंतू आतड्यात उतरून शरीराबाहेर पडतात. बाकीच्या पेशी त्यांना पोटात घेऊन तशाच उभ्या राहतात. खडे असले तर त्यांच्यावर जंतूंचा थर बसतो, शेवाळासारखा, आणि त्याला कुठलंच औषध पोचत नाही. माणसाला ताप नसतो, दुखणं नसतं. वर्षानुवर्षं माणूस हिंडतो-फिरतो, खातो-पितो, स्वयंपाक करतो. हे सगळं ती दर वर्षी फळ्यासमोर उभी राहून घडाघडा म्हणत आली होती. स्वयंपाक करतो, हे शब्द आज मनात उमटले आणि ती तिथेच अडखळली. मायक्रोस्कोपवरून डोळे काढून तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीला भिंतीचाच रंग होता.

धाकटा टायफॉइडने गेला होता. मुदतीचा ताप, म्हणत तेव्हा. त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या मैदानावर सर्कस आली होती आणि बाबांनी त्याला तिथे नेलं होतं. थोरलीला कांजिण्या आलेल्या, म्हणून ती घरीच. धाकटा परत आला तो ओठ, जीभ, हनुवटी सगळं लाल करून. बाबांनी त्याला तंबूबाहेर बर्फ घातलेलं लाल सरबत पाजलं होतं, एक नव्हे दोन पेले, कारण एकाने त्याचं समाधान झालं नाही. दोन-तीन दिवसांत तो तापाने फणफणला. मग ताप उतरेचना. आधी दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि एका सकाळी त्याचं पोट फळीसारखं कडक झालं. आतड्याला भोक पडलं, हे मोठी झाल्यावर तिला समजलं. तेव्हा इतकंच दिसलं की बाबा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आहेत आणि आई त्यांच्या बाजूने न थांबता खाली उतरतेय. घरी आल्यावर, सगळे आप्त बसलेले असताना, आई एकच वाक्य बोलली. ‘सरबत पाजलंत त्याला.’ आवाज चढवून नाही. त्यानंतर ती बाबांशी बोलली नाही. म्हणजे भांडण नव्हतं. जेवण वेळेवर वाढलं जाई, त्यांचे कपडे घडी करून ठेवले जात, ते आजारी पडले तर कपाळावर ओली पट्टी येई. बोलायचं असलं की मात्र ते थोरलीमार्फत. ‘त्यांना सांग, जेवण झालंय.’ बाबा तिथेच, हातभर अंतरावर बसलेले असत. थोरली म्हणे, ‘बाबा, जेवण झालंय.’ हळूहळू तिला वाटायला लागलं की सगळ्यांच्याच घरी असं असतं. एकदा मैत्रिणीकडे गेली असताना तिच्या आईला वडिलांशी सरळ, समोरासमोर बोलताना पाहिलं, तेव्हा हे जरा जास्तच होतंय असं तिला वाटलं होतं.

आता तिने काच काढून ठेवली तरी डोळ्यांसमोरून ती गुलाबी-जांभळी ओळ हलेना. बर्फातल्या सरबताने दोन-तीन दिवसांत टायफॉइड होत नाही. जंतू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत आठवडा तरी जातोच, बहुतेकदा जास्त. हेही ती शिकवत आली होती. परीक्षेत हा प्रश्न तिने स्वतः काढला होता. आणि एवढ्या वर्षांत एकदाही ती सर्कस आणि हा प्रश्न तिच्या डोक्यात शेजारी-शेजारी आले नव्हते. घरातलं एका खोलीत होतं, पुस्तकातलं दुसरीत, आणि मधलं दार तिने बंद केलं होतं असंही नाही. तिथे दार आहे हेच तिला माहीत नव्हतं. आता ते उघडलं, तर एकेक जण आत येऊन बसायला लागला. धाकट्याच्या बाळंतपणात आईच्या मदतीला आलेली मावशी, जी तापाने अंथरूण धरून घरी परतली आणि महिनाभर उठली नाही. हवा मानवली नाही, असं सगळे म्हणाले. वरच्या खोलीतला भाडेकरू, औषधाच्या दुकानात काम शिकणारा, दोन्ही वेळ त्यांच्याकडे जेवणारा. त्याला त्याचे वडील येऊन गाडीत आडवा घालून घेऊन गेले. आणि ती स्वतः, धाकट्याच्या आधी कधीतरी असाच लांबलेला ताप, तो उतरल्यावर आईने भरवलेला मऊ भात, आणि आईच्या बोटांना येणारा साबणाचा वास. आईइतकी स्वच्छ बाई तिने दुसरी पाहिली नव्हती. पण जंतूला एक नख पुरतं. तेव्हा शेजारपाजारचे म्हणत, ह्यांच्या घराचं पाणीच वाईट. बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत, गावातली नळाची ओळ न् ओळ त्यांना तोंडपाठ. त्यांनी स्वतः उभं राहून घराची जुनी नळी काढून नवी घातली होती, आणि तरीही पुढे जन्मभर ते पाणी उकळतच राहिले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हाही ते पाणीच उकळत होते. स्वयंपाकघरात उंच पातेल्यासमोर स्टूल घेऊन बसलेले, पाण्यावर नजर ठेवून, जणू लक्ष काढलं तर ते उकळायचं थांबेल. आई आतल्या खोलीत पलंगावर पडली होती, दार अर्धं उघडं. थोरली ओट्याला टेकून उभी राहिली. हे ह्यांना आधी सांगितलं पाहिजे, असं बसमध्ये तिने ठरवलं होतं. सगळ्यात आधी ह्यांना. सरळ सांगायचं, बाबा, त्या सरबताचा काही संबंध नव्हता. इतकी वर्षं तिनेही, न बोलता, आईचीच बाजू धरलेली होती. बाबांनी बाहेरून काही खायला आणलं की तिचा हात आपसूक मागे येई. ती म्हणाली, ‘बाबा.’ त्यांनी वर पाहिलं नाही. अलीकडे त्यांना फारच कमी ऐकू येई. कानातलं यंत्र त्यांना आवडत नसे, त्यात सगळ्या जगाची भांडी घासल्याचा आवाज येतो म्हणत. आई त्यांच्याशी बोलत नाही हे त्यामुळे आता कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. ‘बाबा,’ तिने मोठ्याने म्हटलं. ‘अं?’ त्यांनी उजवा कान पुढे केला. आता तिला कळलं की जे सांगायचंय ते ओरडून सांगावं लागेल, आणि ओरडलं तर ते पलंगापर्यंत जाईल. बहिऱ्या माणसाच्या कानात गुपित सांगता येत नाही ही गोष्ट इतकी साधी की तिला हसू आलं. ‘काय झालं?’ बाबांनी विचारलं. ‘काही नाही,’ ती ओरडली. ‘पाणी उकळलं!’ ‘दिसतंय मला,’ बाबा म्हणाले, आणि त्यांनी गॅस बारीक केला.

मग ती आईपाशी गेली. आईचा चेहरा बरा दिसत होता, गालांवर रंग परतलेला. ‘बस,’ आई म्हणाली. ‘मेला तो पथ्याचा भात मला गिळवत नाही. त्यांना सांग, उद्या जरा अंडं आणा.’ थोरली पलंगाच्या कडेला बसली. एक गोष्ट अजून नक्की नव्हती. आईला तो ताप कधी आला होता? धाकट्याचं करताना लागण झाली असेल, त्याच्याकडून तिला, तर सगळंच उलटं फिरत होतं. लहानपणी आईच्या डोक्याला बांधलेला एक रुमाल तिला आठवे, आणि त्याखाली खुंटांसारखे केस. पण ते धाकट्याच्या आधीचं की नंतरचं, हे तिला लावता येत नव्हतं. तिने शक्य तितक्या सहज विचारलं, ‘आई, तुझे केस गेले होते ना एकदा सगळे? कधी गं?’

‘केस?’ आईचा चेहरा खुलला. ‘अगं, काय केस होते माझे! बसले की अंगाखाली यायचे. तू बालवाडीत जायला लागलीस ना, त्या साली मुदतीचा ताप आला मला. मी वाचते की नाही अशी गत. ताप गेला आणि कंगवा फिरवला की मूठभर हातात. नुसतं टक्कल! तू तर जवळ यायची नाहीस. ही माझी आई नव्हे, म्हणून भोकाड पसरायचीस. शेवटी रुमाल बांधला.’ ती हसली आणि टाक्यांवर हात दाबून धरला. ‘पुन्हा आले, पण ती सर नाही. धाकटा झाला तेव्हा इथवर होते बघ, कानाएवढे. त्याने कधी माझे केस पाहिलेच नाहीत.’

म्हणजे आधीचंच. थोरलीने चादरीची सुरकुती सारखी केली. ‘का गं, आज मधेच?’ आईने विचारलं.

‘तुझ्या पित्तात त्या तापाचे जंतू निघालेत. तेव्हापासून राहिलेत आत.’

‘इतकी वर्षं?’ आईला गंमतच वाटली. ‘भाडं न देता?’

‘राहतात. कुणाकुणाच्या पित्ताशयात घर करतात. आता ते काढलंच आहे, वर महिनाभर गोळ्या घ्यायच्या. आतलं अस्तर खराब झालं होतं, पण वेळेत निघालं. काळजीचं काही नाही.’

‘पण मला तर त्यानंतर साधं पडसंसुद्धा झालं नाही.’

‘तुला नाही होत,’ थोरली म्हणाली.

शब्द तोंडातून सुटले आणि तिला कळलं आपण काय बोललो. ‘तुला’वर नको तेवढा जोर पडला होता. आईचा टाक्यांवरचा हात तिथेच राहिला. बाहेर बाबा पातेल्यावर झाकण ठेवत होते, ते नीट बसेना, दोनदा वाजलं. ‘मग कुणाला होतं?’ आईने विचारलं. थोरली म्हणाली, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, आणि बाबांची नि माझी पण तपासणी करायची आहे, नेहमीचंच असतं ते, असं बरंच काही ती बोलत गेली, आणि आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं थोरलीला नंतर वाटत राहिलं. एका शब्दाने आपण दार उघडून ठेवलं आणि स्वतः पळालो. आत जे काही आहे त्यात आई आता एकटीच चाचपडणार.

पुढचे दिवस तसे नेहमीसारखे गेले. आई उठून फिरायला लागली, फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. टाके ओढतात, म्हणे. खरं म्हणजे सर्जनने तिला हलकं काम करायला सांगितलं होतं, आणि ही बाई एरवी पाठ धरली तरी ओटा पुसणारी. थोरलीने सकाळी पाव भाजून ठेवावा, बाबांनी संध्याकाळी भाज्यांचं सूप करावं, त्यात मीठ तरी विसरावं नाहीतर दोनदा घालावं, आणि आईने ते मुकाट्याने खावं. एकदा ती थोरलीला म्हणाली, ‘माझं ताट, पेला वेगळा ठेव गं.’ थोरली म्हणाली, त्याची काही गरज नाही. ‘ठेव म्हटलं ना,’ आई म्हणाली. न्हाणीघरात ती हात धूत उभी राही, नळाचा आवाज बराच वेळ येत असे, आणि बाहेर आली की तिचे तळवे गरम पाण्यात बुडवल्यासारखे लाल दिसत. ती काय करतेय हे थोरलीला स्वच्छ दिसत होतं. मावशी, भाडेकरू, थोरली, आणि मग तो. एकेकाला ती समोर बसवत होती, त्याला काय वाढलं, कुठल्या हाताने वाढलं ते आठवत होती. थोरलीने चारदा तरी ठरवलं की जाऊन जवळ बसावं. बसून काय सांगावं हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या धंद्यात ती माणसांना कधी काही सांगत नसे. ती कागदावर लिही आणि तो कागद दुसरा कुणीतरी माणसांना वाचून दाखवी.

टाके काढायच्या दिवशी तिघंही हॉस्पिटलात गेली. सर्जन तरणाबांड, गडगडाटी बोलणारा. त्याने टाके काढले आणि म्हणाला, ‘झालं! आता काय हवं ते खा, काय हवं ते करा.’ आई म्हणाली, ‘बरं.’ बाहेर आल्यावर तिने थोरलीचा दंड धरला. ‘ते काचेवरचं माझं, तुझ्याकडेच आहे ना? मला बघायचंय.’ थोरली म्हणाली, ‘त्यात बघण्यासारखं काय आहे, आई? नुसते ठिपके दिसतील तुला.’ ‘ठिपके बघते,’ आई म्हणाली. बाबांना पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दोघी आत गेल्या.

आईला त्यातून बघणं जमेना. ती नको तो डोळा मिटे, मान मागे नेई, स्वतःच्याच पापण्या दिसतात म्हणे. थोरलीने खुर्ची वर-खाली केली, तिच्या खांद्यांना धरून तिला पुढे आणलं. मग आई एकाएकी स्तब्ध झाली.

‘गुलाबी आहे,’ ती म्हणाली.

‘रंग आम्ही देतो.’

‘हे माझं?’

‘तुझ्या आतलं. ती ओळ बघ, उंच उंच, सारखी. ते चांगलं आहे. आता सरकवते. इथे बघ, तुटलंय.’

आई बघत राहिली. ‘आणि ते कुठे आहेत?’

‘ते दिसत नाहीत. त्यांनी काय केलं ते दिसतं.’

थोरली हळूहळू काच सरकवत गेली. ह्या पेशी गळून पडल्या, ह्यांनी त्यांची जागा झाकली, हे पुंजके मारायला आलेले, आणि ह्या इथे दुसऱ्याच तऱ्हेच्या झाल्या. आईने मधेच विचारलं, ‘ह्यांना कळलं होतं?’

‘कुणाला?’

‘ह्यांना. पेशी म्हणतेस त्यांना.’

असं कुठल्या विद्यार्थ्याने तिला कधी विचारलं नव्हतं. ‘कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘खूप झगडल्यात बिचाऱ्या.’

‘मला नाही कळलं,’ आई म्हणाली. तिने डोळा काढला नव्हता. बोलताना तिच्या श्वासाने नळीच्या भिंगावर वाफ धरली, ती तिने बोटाने पुसली आणि पुन्हा पाहिलं. ‘आता नीट सांग मला. तुझ्या त्या पोरांना शिकवतेस तसं. सरबताने झालं त्याला?’

‘नाही. सरबताने इतक्या लवकर होत नाही. त्याच्या अंगात ते आधीच होतं.’

‘माझ्यातून गेलं?’

ह्याचं उत्तर थोरलीने तयार ठेवलं होतं. काचेवर तारीख नसते. गावात तेव्हा आणखीही कुणाकुणाला ताप असेल. कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. सगळं खरं होतं. आईच्या मानेवर, विरळ पांढऱ्या केसांखाली, एक शीर उडत होती. थोरली म्हणाली, ‘खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण मला विचारशील तर हो.’

आईने मान हलवली. रडेल, ओरडेल, निदान खुर्चीत बसून राहील असं थोरलीला वाटलं होतं, आणि तिने पाण्याचा पेलाही भरून ठेवला होता. आई उठली, शाल सारखी केली, त्या यंत्राकडे पुन्हा एकदा पाहिलं, कुणाच्या घरून निघताना पाहावं तसं, आणि दाराकडे चालायला लागली. ‘आई, थांब जरा,’ थोरली म्हणाली. आई थांबली नाही.

बाबा बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. बोळात माणसांची ये-जा होती. एक नर्स ट्रॉली ढकलत होती, कुणी रिपोर्टाच्या खिडकीशी उभे होते, प्लास्टर घातलेला एक गडी भिंतीला टेकून सफरचंद खात होता. आई बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. थोरली दाराशीच राहिली. तिचा हात दाराच्या कडीवर होता आणि ती कडी गार आहे एवढंच तिला जाणवत होतं.

‘अहो,’ आई म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं. मग त्यांनी आधी थोरलीकडे पाहिलं, निरोप तिच्याकडून येणार म्हणून. थोरलीने मानेने आईकडे दाखवलं.

‘अहो, सरबताने नव्हतं झालं त्याला,’ आई म्हणाली. आवाज बेताचा, खरखरीत. ‘माझ्याकडून झालं. तुमचा काही दोष नव्हता.’

‘काय?’ बाबा म्हणाले.

आईने श्वास घेतला. ‘सरबताने नव्हतं झालं! माझ्या पोटात होता तो रोग! माझ्या हातून गेला त्याला!’ ट्रॉली थांबली. खिडकीशी उभे असलेले वळले.

‘काय म्हणालीस?’ बाबांनी उजवा कान पुढे केला.

मग आई ओरडली. थोरलीने तिला आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तो आवाज तिचा आहे हेच क्षणभर लक्षात आलं नाही. ‘मी भरवलं त्याला! माझ्यामुळे गेला तो! तुमचा दोष नव्हता!’ सफरचंद खाणाऱ्याचा घास तोंडातच राहिला. नर्स पुढे यायला लागली, तिला थोरलीने हाताने थांबवलं.

‘मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं,’ बाबा म्हणाले. अगदी हळू. बहिरी माणसं एरवी इतक्या हळू बोलत नाहीत.

आईचं तोंड उघडंच राहिलं. आता ही अशीच वळून चालायला लागेल, असं थोरलीला वाटलं. ‘मग दोनदा कशाला ओरडायला लावलंत मला?’ आईने विचारलं.

‘किती वर्षांत बोलली नव्हतीस,’ बाबा म्हणाले.

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली, पायांशी ठेवली आणि ते बाकावर जरासे सरकले. आई उभी होती. ट्रॉलीची चाकं पुन्हा फिरायला लागली, खिडकीतून कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, माणसं आपापल्या कामाला लागली. मग आई बसली, टाक्यांच्या जागेवर हात धरून, आधी बाकाच्या कडेला, मग नीट मागे टेकून. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होती.

‘टाके काढताना दुखलं?’ बाबांनी विचारलं.

‘थोडं,’ आई म्हणाली, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.